जुनं मोटरहोम घेताय? नेहमी येणारे प्रश्न, मराठवाड्याच्या उन्हासकट

माझ्याकडं २००६ ची ट्रॅव्हलर आहे, लातूर पासिंग, आतलं सगळं फर्निचर दोनदा उचकटून दोनदा बसवलेलं. घरचे तिला 'फिरता वाडा' म्हणतात, शेजारचे 'भंगार'. दोघंही बरोबर आहेत. तिच्यामुळं लोकं जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथं एका जागी लिहून ठेवलेत, म्हणजे दरवेळी नव्यानं टाईप करायला नको.

१. मोटरहोम म्हणजे व्हॅनिटी व्हॅनच ना?

नाही. व्हॅनिटी शूटिंगवाल्यांची, कपडे बदलायला आणि मेकअपला. मोटरहोममध्ये झोपणं, रांधणं, पाणी, लाईट सगळं एकाच चेसीवर असतं आणि ते स्वतः चालतं. कारच्या मागं ओढत न्यायचं घर असलं तर त्याला कॅराव्हॅन म्हणायचं, पण आपल्याकडं सगळ्यालाच सर्रास कॅराव्हॅन म्हणतात, त्यावरनं भांडू नका.

२. जुनी घ्यायची तर कोणती गाडी बघू?

जिचा मिस्त्री तुमच्या तालुक्यात आहे ती. हे मी गमतीनं म्हणत नाही. ट्रॅव्हलर १९८७ पासून रस्त्यावर आहे, तेव्हा बजाज टेम्पो नाव होतं, २००५ मध्ये कंपनी फोर्स मोटर्स झाली, म्हणून जुन्या कागदावर वेगळं नाव दिसलं तर घाबरू नका. शाळेला हीच, ॲम्ब्युलन्सला हीच, वऱ्हाडाला हीच, त्यामुळं क्लच प्लेट असो का वॉटर पंप, परभणीत बंद पडली तरी संध्याकाळपर्यंत सामान मिळतं. बाहेरून मागवलेली परदेशी मोटरहोम दिसायला भारी, पण तिच्या समोरच्या काचेला तडा गेला की सहा महिने ताडपत्री बांधून बसावं लागतं.

३. गाडी बघायला गेल्यावर आधी काय बघायचं? इंजिन तर मिस्त्री बघतोच की.

इंजिन शेवटी बघा. इंजिनचं काम होतं, रिंग-पिस्टन मिळतात. सडलेली बॉडी मात्र पैसा खाते आणि वर परत सडते.

मी पहिली गाडी बघितली तेव्हा आत नवीन सनमायका, नवीन गाद्या, अगरबत्तीचा वास. खूश झालो. सोबतचा मिस्त्री काही न बोलता मागच्या उजव्या कोपऱ्यात गेला, खालच्या प्लायला अंगठा लावला आणि अंगठा पेरभर आत गेला. "मालक, हे पलाय न्हाई, हे तर भिजलेली भाकरी झालंय." सनमायका जरा उचलला तर मागं काळी बुरशी, मुंग्यांची रांग आणि पत्र्याला तांबूस पापुद्रे. अगरबत्ती कशाला लावली होती ते तेव्हा कळालं.

तर बघायच्या जागा म्हणजे छपराचे सांधे, खिडकीच्या रबराखालची कड, चाकाच्या वरचा कमानीसारखा पत्रा, पायरीखालची चेसी आणि टाकीच्या आजूबाजूची फळी. अंगठ्यानं दाबा, नाकानं वास घ्या, चटई उचला. मालक चटई उचलू देत नसला तर चहा प्या आणि घरी या. कोकणातली किंवा मुंबईतली गाडी असली तर चेसी दुप्पट बारकाईनं बघा, खारी हवा खालून खाते. आपल्याकडची कोरड्या हवेतली गाडी गंजाच्या बाबतीत बरी असते, पण तिची रबरं आणि वायरी उन्हानं बिस्किटासारख्या कडक झालेल्या असतात.

४. कागदपत्रं कोणती बघायची? १५ वर्षं होऊन गेलेली गाडी चालते का?

चालते. आपल्याकडं दिल्लीसारखी जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी नाही. खाजगी नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपली की फिटनेस दाखवून ५ वर्षांसाठी वाढवून घ्यायची, सोबत पर्यावरण कर भरायचा. गाडी ट्रान्सपोर्ट वर्गात असली तर हिशोब वेगळा, ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी फिटनेस आणि त्यानंतर दरवर्षी, पर्यावरण करही ८ वर्षांनंतरच चालू.

आरसी, विमा, पीयूसी, टॅक्स, आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा. बोजा असला तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असली तर फॉर्म २८. ई-चलनं ऑनलाईन तपासा. आणि चेसी नंबर कागदावरनं नाही, गाडीवर घासून स्वतः वाचा.

एक सापळा सांगून ठेवतो. सरकारी खात्याच्या मालकीची १५ वर्षं झालेली गाडी. तिची नोंदणी पुढं वाढत नाही, ती अधिकृत भंगार केंद्रातच जायची असते. "लिलावात स्वस्तात मिळतेय भाऊ" असं कुणी म्हणलं तर आधी आरसीवरचा मालक वाचा.

५. साधी १७ सीटर घेऊन सीट काढल्या आणि आत पलंग-ओटा टाकला तर आरटीओ धरतो का?

धरू शकतो, आणि धरला तर त्याचं चूक नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. आरसीवर १७ सीट आणि आत चार माणसांचा संसार, हा फरकच झाला.

सरळ रस्ता असा की कॅम्पर व्हॅन हा आरटीओच्या यादीतला वेगळा वर्ग आहे, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणं मंजुरी असलेल्या बॉडीवाल्याकडून काम करून घ्यायचं नाहीतर आधीच कॅम्पर म्हणून नोंद असलेली जुनी गाडी घ्यायची. जुन्या गाडीच्या गिऱ्हाईकाला मी यातला दुसराच रस्ता सांगतो, १० पैसे जास्त जाऊ दे पण आरसीवर कॅम्पर लिहिलेलीच घ्या. नसेल तर काम काढण्याच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, एमएच-२० ला जे होतं ते एमएच-२६ ला तसंच होईल असं धरून चालू नका.

काढता येणारं सामान, म्हणजे घडीची खाट, कॅम्पिंगचा डबा, सुटी बॅटरी, हे सामानच. बोल्ट मारून पक्कं केलं की तो बदल.

६. रिटायर ॲम्ब्युलन्स मिळतेय, उंच छप्पर आहे, घेऊ का?

बॉडी मस्त असते, उभं राहता येतं. पण आरसीवर ॲम्ब्युलन्स वर्ग असतो, तो बदलून घेतल्याशिवाय ती तुमची मोटरहोम होत नाही, आणि सायरन-दिवा तर पहिल्या दिवशी काढायचा. बाकी प्र. ५ आणि प्र. ४ मधला सरकारी मालकीचा सापळा.

७. लायसन्स कोणतं लागतं?

एकूण वजन ७५०० किलोच्या आत असलं तर कारचं एलएमव्ही चालतं. ट्रान्सपोर्ट वर्गातल्या गाडीबद्दलही सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच सांगितलंय. ट्रॅव्हलर यात आरामात बसते.

८. सरकारची कॅराव्हॅन योजना आहे म्हणे, दुरुस्तीला सबसिडी मिळते का?

२०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण ते कॅराव्हॅन भाड्यानं देणाऱ्या आणि कॅराव्हॅन पार्क काढणाऱ्या व्यावसायिकांसाठी, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून. घरच्या जुन्या गाडीच्या पत्र्याला त्यातून रंग मिळत नाही.

९. छपरातून गळतं. एम-सील लावलं, सिलिकॉन लावलं, तरी गळतंच.

एम-सील दगडासारखं होतं, गाडी हलली की त्याला तडा जातो. सिलिकॉन तर लावूच नका, एकदा लावलं की पुढं त्यावर ना रंग धरतो ना दुसरं सीलंट. जुनं सगळं खरवडून, पत्रा घासून, गंज असला तर प्रायमर मारून मग पीयू सीलंट, जे गाडीच्या काचा बसवायला वापरतात ते. वाळायला पूर्ण दिवस द्या.

गळती आत जिथं दिसते तिथं बाहेर नसतेच, पाणी आतल्या पाईपवरनं वाहत येतं. एक जण आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं पाईपनं पाणी मारायचं, खालून सुरू करून हळूहळू वर. वरून सुरू केलं तर काहीच कळत नाही. हे काम मे महिन्यात उरका, मिरग निघाल्यावर सगळे सीलंट शोधत फिरतात.

१०. उन्हाळ्यात आत झोपता तरी येतं का?

हा खरा प्रश्न. परभणी-नांदेडकडं मे मध्ये ४२-४३ हे रोजचंच, आणि उन्हातल्या पत्र्याला हात लागत नाही. लोकं आधी एसी विचारतात (तो प्र. ११ मध्ये आहे), मी म्हणतो आधी छप्पर.

बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, दोन हात. आतून पत्र्याला चिकटणारं बंद पेशीचं फोम, एक्सएलपीई किंवा नायट्राईल रबर, आणि मग प्लाय. ग्लासवूल भरू नका, दमट झालं की ओला गोधडा होऊन पत्र्याला चिकटून बसतं आणि प्र. ३ वाली भाकरी तयार. सोलर पॅनल पत्र्यापासून चार बोटं वर बसवले तर तीही सावलीच.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय कृषी सेवा केंद्रात मिळतो, हिरवी शेडनेट. छपराच्या वर हातभर अंतर सोडून ताणायची, पत्र्याला टेकवायची नाही, मधून हवा गेली पाहिजे. आमची आजी पहिल्यांदा बघून म्हणाली, "गाडीत काय टमाटे लावायलास का?" पण दुपारी ती आतच झोपली.

रात्री दोन खिडक्या समोरासमोर उघड्या, जाळ्या लावून, आणि एक पंखा हवा बाहेर फेकणारा. आपली हवा कोरडी, त्यामुळं १२ व्होल्टचा छोटा कूलर एप्रिल-मे मध्ये एसीच्या तोंडात मारतो, फक्त एक खिडकी उघडी ठेवा आणि रात्रीला बादली-दीड बादली पाणी धरा. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर चिकचिक करतो, तेव्हा बंद.

११. मग एसी बसवूच नको का?

बसवा, पण प्लगवर. १ टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात साधारण ४-५ युनिट खातो. १२.८ व्होल्ट १०० अँपिअरच्या लिथियम बॅटरीत भरलेली असताना सव्वा युनिट असतं. म्हणजे एका झोपेला चार बॅटऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या भरायला छपरावर जागा नाही. पाहुण्यांच्या वाड्यात प्लग मिळाला तर लावा. शेतातल्या मोटारीच्या लाईनवर लावू नका, तिथलं व्होल्टेज कधी १६० कधी २६०, एसीचं कार्ड जातं.

१२. बॅटरी किती आणि सोलर किती लागेल?

आधी वहीत लिहा. माझा हिशोब: २८ वॅटचे दोन पंखे १० तास म्हणजे ५६०, छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज उन्हाळ्यात साधारण ५००, दिवे-मोबाईल १००. झालं ११५० च्या आसपास वॅट-तास. १५० अँपिअरची ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड-ॲसिड बॅटरी) कागदावर १८०० देते पण निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताला ९००. त्यामुळं दोन ट्यूब्युलर, नाहीतर लिथियम १०० अँपिअरच्या दोन, त्या ८०-९० टक्के वापरता येतात आणि वजनही निम्म्याहून कमी.

सोलर ३३० वॅटचा एक चांगला, एमपीपीटी कंट्रोलरसोबत (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा डबा). ऊन भरपूर असलं तरी तापलेला पॅनल कमी देतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणून खालून हवा खेळती ठेवायची. गाडी लिंबाखाली लावली तर सोलर शून्य, हे भांडण कायमचं आहे. माझ्याकडं एक सुटा पॅनल आहे १० मीटर वायरीला, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात.

१३. लिथियम बॅटरी जुन्या डायनामोला डायरेक्ट जोडली तर?

डायनामो जळेल. लिथियम मागेल तेवढा करंट ओढत राहते आणि जुना अल्टरनेटर बिचारा देत राहतो, विशेषतः इंजिन आयडलवर असताना, तेव्हा त्याचा पंखाही हळू फिरतो. मधे करंट आवरून देणारा डीसी-डीसी चार्जर लावा, २० किंवा ३० अँपिअरचा पुरे. सेल्फची बॅटरी मात्र जुनीच लेड-ॲसिड राहू दे, वेगळी.

१४. वायरिंग आमच्या गल्लीतल्या वायरमनकडून केली तर चालेल ना, घराची छान करतो.

मी हेच केलं होतं. माणूस भला, पण त्यानं बॅटरीपासून मागच्या पंख्यापर्यंत घरातली दीडची वायर ओढली, फ्यूज नाही, चाकावरच्या पत्र्याच्या धारेवरून तशीच. आठ महिने काही झालं नाही. मग केजच्या पुढं मागून रबर जळल्याचा वास, बायको म्हणाली कुणीतरी शेतात टायर जाळतंय. आरशात बघतो तर पडद्यामागं धूर. गाडी बाजूला घेऊन बॅटरीची वायर सोडवायला १० नंबरचा पाना शोधण्यात जे अर्धं मिनिट गेलं ते अजून आठवतं. पत्र्याच्या धारेनं वायर सोलून निघाली होती.

त्यामुळं तीन गोष्टी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि हातानं फिरवायचा कट-ऑफ स्विच, पाना लागता कामा नये. पत्र्यातून जाईल तिथं रबरी ग्रोमेट आणि वरून फ्लेक्झिबल पाईप. आणि जाडी: १२ व्होल्टवर १००० वॅटचा इन्व्हर्टर १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला २५ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची वायर, तीही मीटरभरच, इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी.

बाहेरून २३० व्होल्ट घेताना ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच. गाडी रबरावर उभी असते, फेज बॉडीला लागला तर खाली उतरणारा माणूसच अर्थिंग होतो.

१५. पाण्याची टाकी छपरावर ठेवली तर मोटार लागत नाही, बरोबर ना?

मोटार लागत नाही, गाडी मात्र झुलते. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि ते डोक्यावर. टाकी खाली, दोन्ही ॲक्सलच्या मधे, आत पाणी उसळू नये म्हणून आडवे पडदे असलेली. १२ व्होल्टचा छोटा पंप स्वस्त आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर लावा आणि सहा महिन्यांनी टाकी धुवा. किती पाणी लागतं विचाराल तर, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथल्या माणसाला मी काय शिकवणार, बादलीनं आंघोळ आणि तांब्यानं भांडी.

सगळं भरून, माणसं बसवून एकदा वजनकाट्यावर जा. साखर कारखाना, जिनिंग, कुठंही काटा असतो. आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. फर्निचरला १८ एमएम प्लाय वापरणाऱ्यांची तिथं तोंडं उतरतात.

१६. घरचं सिलिंडर गाडीत ठेवलं तर?

१४.२ किलोचं घरगुती नको, नियमातही बसत नाही आणि आडवं पडलं तर आवरत नाही. ५ किलोचं छोटं, उभं, पट्ट्यानं बांधलेलं, बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, ती खाली साचते, म्हणून कप्प्याच्या तळाला भोक हवं, वरच्या खिडकीचा उपयोग नाही. गाडी चालू करायच्या आधी रेग्युलेटर बंद. नळी आयएसआयची, वरची तारीख बघून बदला. मी आता दोन माणसांचा चहा-खिचडी इंडक्शनवर करतो, तेवढं बॅटरी देते.

थंडीत म्हैसमाळला जाऊन आत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईड वायूला वास नसतो. गोधडी घ्या.

१७. घाटात गाडी गरम होते आणि उतरताना ब्रेक लागेनासे होतात.

दोन वेगळे रोग आहेत. गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा कुणीतरी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी, आतून क्षार बसून नळ्या चोक होतात. काढून साफ करा, नवा हॉजपाईप, फॅन बेल्ट, आणि तयार कूलंट. मिस्त्री "थर्मोस्टॅट काढून टाकू" म्हणला तर नको म्हणा, काढल्यानं दुखणं झाकतं, जात नाही, नवा बसवा.

ब्रेकचं म्हणजे, ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, जुन्या गाडीत ते कधी बदललं कुणालाच माहीत नसतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना भरलेली मोटरहोम सारखा पाय दाबून उतरवली की ते उकळतं आणि पॅडल फुसकन खाली जातं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजून आहेत. इंजिन बंद म्हणजे बूस्टर बंद, मग ब्रेक दगड होतो.

१८. टायरची नक्षी अजून भरपूर आहे, बदलू का?

नक्षी नाही, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. मोटरहोम चालते कमी, उभी जास्त, त्यामुळं टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. ६-७ वर्षं झाली, बाजूला बारीक चिरा दिसल्या की बदला. हवा गार टायरवर तपासा, आणि ऊन आहे म्हणून कमी ठेवू नका, कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

१९. जुनी गाडी समृद्धीवर नेऊ का?

प्र. १८ वाचून. ७०१ किलोमीटरचा सरळ सिमेंट रस्ता, दुपारी तापलेला. पहाटे निघा, डावी लेन धरा, ७०-८० च्या वर जाऊ नका, जालन्याच्या आसपास एकदा थांबून टायरला हात लावून बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असला तर ब्रेक धरतोय किंवा हवा कमी आहे.

२०. पावसाळ्यात शेतात मुक्काम करता येईल?

काळ्या रानात नाही. वरून कोरडी दिसते, रात्री एक सर आली की सकाळी चाकं ॲक्सलपर्यंत आणि ट्रॅक्टरवाला हसत येतो. मुरमाड जागा बघा, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून लावा. ओढायची वेळ आलीच तर दोर चेसीच्या हुकाला, बंपरला नाही. माझा पहिला बंपर अजून औसा रोडच्या एका शेतात असेल.

२१. संडास आत करावा का?

दोघं-तिघं असाल तर कॅसेटवाला सुटा डबा पुरतो, रात्रीपुरता. रिकामा घरी किंवा संडासातच करायचा, ओढ्याला नाही. पक्का संडास केला की पाणी, वजन, वास तिन्ही वाढतं.

२२. गाडी सहा महिने उभी असते, काय करू?

कट-ऑफ फिरवा, बॅटरी महिन्याला चार्ज करा, हँडब्रेक सोडून चाकाला ओंडके लावा, नाहीतर लायनर चिकटतात. महिन्यातनं एकदा १५-२० किलोमीटर खरंच चालवा, नुसतं जागेवर घुरघुर करून उपयोग नाही. आणि उंदीर. ज्वारी-सोयाबीनच्या गोदामाशेजारी लावलेल्या गाडीची वायरिंग मी बघितलीय, नुसतं तांबं उरलं होतं. आत खायचा कण ठेवू नका, खालची भोकं जाळीनं बंद करा.

२३. चालत्या गाडीत म्हातारी माणसं मागं पलंगावर झोपली तर चालतं का?

नाही, आणि हा प्रश्न तुळजापूरच्या वेळेला सगळ्यात जास्त येतो. चालत्या गाडीत आरसीवर जेवढ्या सीट तेवढीच माणसं, पट्टा लावून. पलंगावरचा माणूस करकचून ब्रेक लागला की ओट्यावर येतो. आजीचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही दर तासाला थांबतो, शेडनेट ताणतो, ती अर्धा तास आडवी होते, चहा होतो, मग परत सीटवर. दोन तासांच्या रस्त्याला साडेतीन लागतात.